भालेराव गुरुजींचा न मोजलेला पाऊस

दोनशे हा आकडा मला आजही सहन होत नाही. बसचं तिकीट दोनशे नंबरचं आलं तरी मी ते खिशात ठेवत नाही, मुठीत चुरगाळतो. बायको म्हणते, एवढं काय त्यात? त्यात काय आहे ते सांगायचं तर भालेराव गुरुजींबद्दल सांगावं लागेल, आणि मग थोडं माझ्याबद्दलही सांगावं लागेल. ते मी शक्य तितकं थोडक्यात आटोपणार आहे.

बहात्तरच्या दुष्काळात मी पारनेर तालुक्यातल्या एका गावी पोस्टमास्तर होतो. गुरुजी मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेले. उंच, वाळके, उन्हाळ्यातही काळा कोट. कोटाच्या उजव्या खिशात तपकिरीची डबी आणि डाव्या खिशात रुमाल. तो रुमाल मूळचा पांढरा असावा. मी त्या रुमालाच्या बाजूला कधी बसलो नाही. तपकीर ओढून झाली की ते तो उघडत, आत बघत, घडी घालत आणि परत ठेवत. असा माणूस दुसऱ्यांना दिवसातून वीस वेळा "शी!" म्हणायचा. तंबाखूच्या पिचकारीला शी, खाडाखोड केलेल्या वहीला शी, अंदाजाला शी. सगळ्यात मोठी शी गोल आकड्याला. "शंभर? नेमके शंभर? मोजले होते का कुणी? शी!"

घरामागच्या मोकळ्या जागेत त्यांचं पर्जन्यमापक होतं. मिशनचे एक साहेब गाव सोडून जाताना ते त्यांना देऊन गेले होते. जमिनीत रोवलेला एक नळकांड्यासारखा डबा, त्यात बाटली, वर तांब्याचं नरसाळं, आणि बाटलीतलं पाणी ओतून बघायला रेघा मारलेलं काचेचं मोजपात्र. भोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण. आडोसा नको म्हणून गुरुजींनी शेजारचा शेवगा तोडला होता. त्यांच्या बायको मार्थाबाई ते दुःख कधी विसरल्या नाहीत. "भरल्या शेंगांचं झाड तोडलं, आन् कशासाठी? तर शून्य मोजायसाठी," असं त्या येईल त्याला सांगत.

शून्य मोजायसाठी, हे अगदी खरं होतं. रोज सकाळी साडेआठला गुरुजी नरसाळं उचलून बाजूला ठेवत, बाटली काढत, ती मोजपात्रात उपडी करत, पात्र डोळ्यासमोर धरत आणि वहीत ०.० लिहीत. बहात्तर साली आणि त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात त्या बाटलीतून बहुतेक दिवस काहीही पडलं नाही. तरी पात्र डोळ्यासमोर जायचंच. रविवारी चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना आठ वाजून वीस मिनिटांनी ते उठत आणि नोंद करून परत येत. पाद्र्यांनीही बोलणं सोडून दिलं होतं.

"गुरुजी, आभाळात कापसाएवढा ढग न्हाई. न बघताच शून्य लिवा की," सरपंच एकदा म्हणाले.

"न मोजता लिहिलेलं शून्य हे शून्य नसतं, सरपंच. ती थाप असते."

"आवो पर आकडा तर त्योच न्हवं?"

"शी!" गुरुजी म्हणाले.

मला हे पटलं होतं. मी पत्रं तोलणारा माणूस. अर्ध्या ग्रॅमवरून लोकांशी भांडलेलो. त्यांचं बघून मीही माझ्या ओट्यावर सरळ कडांचा एक पत्र्याचा डबा ठेवला आणि पट्टीने पाणी मोजू लागलो. चार मैलांवरच्या गावात जनावरांच्या दवाखान्यातले कंपाउंडर कदम हेही मोजत. आम्ही तिघं महिन्याच्या शेवटी एकमेकांना कार्डं टाकायचो. गुरुजींचं एक कार्ड पुण्याच्या वेधशाळेलाही जायचं. तिथून कधी उत्तर येत नसे. गुरुजींना ते नकोही होतं.

लोकांची मापं वेगळी होती. वीतभर ओल गेली, ओढ्याला गुडघाभर आलं, लई पडला. "लई म्हणजे किती?" हा गुरुजींचा ठरलेला प्रश्न. गावातली माणसं त्यांना मुद्दाम रस्त्यात गाठून सांगत, "गुरुजी, आमच्या मळ्यात लई पडला बगा," आणि मग त्यांचा चेहरा बघून हसत.

त्या उन्हाळ्यात घडलेली गोष्ट लिहायला मला घाण वाटते, पण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. पाडवा होऊन आठवडा झाला असेल. गुरुजी साडेआठनंतर थेट पोस्टात आले. हातात मोजपात्र, त्यावर रुमाल झाकलेला. तोच रुमाल.

"काय आहे?" मी विचारलं.

"तीन पूर्णांक दोन मिलिमीटर. वास घ्या."

मी वास घेतला नाही. रंग पुरेसा होता. कुणीतरी कुंपण ओलांडून नरसाळ्यात लघवी केली होती. बाहेर दोन-चार जण उभे होते, त्यांना हसू आवरत नव्हतं. म्हणजे गावाला ठाऊक होतं. प्यायचं पाणी टँकरने येत होतं, आणि माणसांना ही मजा सुचत होती. गुरुजींनी त्या दिवशी वहीत लिहिलं, "नोंद ग्राह्य नाही. पात्र मनुष्याने दूषित केले." मग नरसाळं, बाटली, डबा, सगळं दोनदा धुतलं. मार्थाबाईंनी दोन कळशा पाण्यासाठी दिवसभर तोंड सोडलं होतं. अख्ख्या आळीत ओली माती राहिली असेल तर ती त्यांच्या रांजणाखाली.

गावाबाहेर तेव्हा दुष्काळी कामावर पाझर तलाव बांधला जात होता. बायाबापे मातीच्या पाट्या वाहून बांध चढवत होते. त्यांत ठकूबाई होती. पन्नाशीची, विधवा, बोलायला फटकळ. तलावाच्या बरोबर खाली तिची एकरभर जमीन. बांध उंच झाला, पण जास्तीचं पाणी बाजूने काढून द्यायचा सांडवा काही खणला गेला नाही. खडक लागला, सुरुंग मिळाला नाही, मग बघू, असं ओव्हरसियर म्हणत राहिले. ठकूबाई मात्र त्यांना येताजाता सुनवायची. "सायेब, पोट भरल्यावं पानी जानार कुटनं? माज्या बोडक्यावरनं?"

जूनमध्ये एका संध्याकाळी भुरभुर आली. थेंब मोठे नव्हते, पण धूळ बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गुरुजींकडे गेलो होतो. माझ्या डब्यात तळ ओला झाला होता, पट्टीला लागण्याइतकं पाणी नव्हतं. गुरुजींनी नरसाळं उचललं. ते आतून ओलं होतं, चांगलं ओलं. उचलताना त्यातून थोडं पाणी त्यांच्या मनगटावर सांडलं. मी ते पाहिलं. बाटली काढली, उपडी केली. कोरडी.

"०.०," त्यांनी लिहिलं.

कामावर निघालेली ठकूबाई कुंपणाशी थांबली होती. "काय गुरुजी, किती पडला?"

"काही नाही पडला."

"आं? ह्यो पदर बगा. काल पिळला म्या, आजून दमट हाय. आन् तुमी म्हनता पडलाच न्हाई?"

गुरुजींनी तिला रिकामं पात्र दाखवलं. "भिजणं वेगळं, ठकूबाई, पडणं वेगळं. पडला असता तर बाटलीत आला असता."

"म्हंजी माजा पदर खोटा, आन् तुमची बाटली खरी?"

"बाटली खरी," गुरुजी म्हणाले. ठकूबाई हातातली पाटी डोक्यावर टाकून निघून गेली. नियम बाटलीचा होता. नरसाळ्यात ओल का, हा प्रश्न त्यांच्या मनात आला नाही, आणि माझ्याही आला नाही. आम्ही दोघंही मोजणारी माणसं.

मग पुढच्या महिन्यात तो पाऊस आला. दुपारी चारला सुरू झाला आणि रात्रभर थांबला नाही. त्याचं वर्णन करायचा मला अधिकार नाही, कारण आकडा नाही. एवढंच सांगतो की सकाळी आठाच्या सुमाराला ओढ्याच्या बाजूने आरडाओरड ऐकू आली. तलाव फुटला होता. गाव तिकडे पळत होतं. मी माझ्या डब्यात पट्टी घातली आणि छत्री घेऊन उलट्या दिशेने, गुरुजींच्या घरी गेलो. मला माझा आकडा त्यांच्या आकड्याशी ताडून बघायचा होता. लोक शेतं वाहून गेली म्हणून ओरडत होते आणि मी आकडा ताडायला निघालो होतो, हे मी लपवत नाही.

गुरुजी कुंपणाच्या आत उभे होते, कोट अंगाला चिकटलेला, हातात घड्याळ. आठ वाजून एकोणतीस. मिनिट होईपर्यंत आम्ही दोघंही काट्याकडे बघत होतो. मग त्यांनी नरसाळं उचलायला हात घातला आणि तसाच थांबवला. नरसाळं काठोकाठ भरलं होतं. पाणी खाली जातच नव्हतं.

त्यांनी ते हळूच बाजूला घेतलं. बाटलीतलं पाणी पात्रात ओतलं. चार पूर्णांक सहा. आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या पावसाचे चार पूर्णांक सहा मिलिमीटर. मग त्यांनी खराट्याची काडी घेतली आणि नरसाळ्याच्या नळीत खालून खुपसली. मातीचा एक गोळा सुटला, त्यामागोमाग सगळं पाणी त्यांच्या पायांवर. गोळ्यात फिकट रंगाची एक अळी वळवळत होती. कुंभारमाशीने नळीत घर केलं होतं. माती रांजणाखालचीच असणार.

"शी," ते म्हणाले. रोजच्यासारखं नाही, अगदी हळू.

"गुरुजी," मी म्हणालो, "माझ्या डब्यात एकशे अठ्ठ्याऐंशी आहेत. तो आकडा लिहा."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी त्यांच्या रुमालाकडे पाहायचो.

"नाहीतर कदमांचा घेऊ. कार्ड येईलच."

"कदमांचा पाऊस कदमांचा," ते म्हणाले, आणि वही उघडून मागची पानं उलटू लागले. मला वाटलं, धक्क्याने काही सुचत नसेल. पण ते शोधत होते. नळी कधीपासून बंद होती? अळी एवढी वाढलेली म्हणजे कालपरवाचं घर नव्हे. आणि आधीही तिथे एखादं घर झालं आणि गळून गेलं नसेल कशावरून? नळी उघडी होती याचा शेवटचा पुरावा कोणता? पान उलटता उलटता त्यांचं बोट पाडव्यानंतरच्या त्या दिवसावर थांबलं. पात्र मनुष्याने दूषित केले.

"त्या दिवशी बाटलीत उतरलं होतं," गुरुजी म्हणाले. "त्यानंतर काहीच सांगता येत नाही. त्या हलकटाचे उपकार मानायचे."

तिथेच, पावसात, मला वर छत्री धरायला लावून, त्यांनी त्या दिवसानंतरची सगळी शून्यं एकेक करून खोडली. जूनमधल्या भुरभुरीचं शून्यसुद्धा. खाडाखोड केलेल्या वहीला शी म्हणणारा माणूस. शेवटी पावसाच्या तारखेपुढे त्यांनी लिहिलं, "नोंद नाही. निरीक्षकाची हयगय."

दोन दिवसांनी ओव्हरसियर तार करायला पोस्टात आले. ओले बूट, लाल डोळे, पण बोलणं गोड. वर कळवायचं होतं की पाऊस अभूतपूर्व होता, बांधाचा दोष नव्हता. आकडा हवा होता.

"भालेराव गुरुजींचा किती?"

"त्यांची नोंद नाही," मी म्हणालो. इथे थांबायला हवं होतं. खिडकीपाशी आणखी माणसं होती, आणि आजवर या कामासाठी मला कधी कुणी विचारलं नव्हतं. "माझ्या डब्यात एकशे अठ्ठ्याऐंशी. अंदाजे."

"म्हणजे दोनशेच की!" ते हसून म्हणाले. मी त्यांची तार मोजायला घेतली. शब्द बरोबर मोजले. आकड्याबद्दल बोललो नाही.

पंधरा दिवसांनी शाळेच्या ओसरीत ग्रामसभा झाली. ओव्हरसियरांनी अहवाल वाचला. "गावातील ज्येष्ठ निरीक्षक श्री. भालेराव गुरुजी यांच्या नोंदीनुसार एका दिवसात दोनशे मिलिमीटर पर्जन्यवृष्टी झाल्याने" तलाव फुटला, म्हणजे निसर्गाने फोडला, म्हणजे कुणाचीच जबाबदारी नाही. आपल्या गावातल्या माणसाचं नाव सरकारी कागदावर आलं म्हणून लोकांनी टाळ्या वाजवल्या.

गुरुजी उभे राहिले. "हा आकडा माझा नाही."

"बरं, मग तुमचा किती ते सांगा," ओव्हरसियर म्हणाले.

"माझा आकडा नाही."

"म्हणजे?"

"मला माहीत नाही किती पडला."

आधी एक जण हसला, मग ओसरी हसली. मागून कुणी ओरडलं, "गुरुजींच्या नळीत माशी मुतली जनू!" माशीची गोष्ट एव्हाना गावभर झाली होती, आणि पाडव्यानंतर पोस्टाबाहेर हसला होता तोच हा आवाज. सरपंचांनी हात वर केला, पण हसू त्यांच्याही तोंडावर होतं. "बसा गुरुजी. दोनशे काय आन् एकशे नव्वद काय, तलाव तर फुटलाच न्हवं?"

"सांडवा न्हाई खनला म्हनून फुटला!" ठकूबाई बायकांच्या बाजूने ओरडली. "आमी सांगत हुतो! माज्या रानात पुरुषभर दगूड येऊन पडलाय, त्यो काय आभाळातनं पडला?"

"बाई, साहेबांकडं आकडा हाय. तुज्याकडं काय हाय?" सरपंच म्हणाले.

तिच्याकडे काही नव्हतं. तिच्या बाजूने उभ्या राहिलेल्या एकट्या माणसाकडेही काही नव्हतं. गुरुजींनी ओसरीवर नजर फिरवली. "दोनशे कुणी दिला?" त्यांनी विचारलं. मी मान खाली घालून चपलेचा अंगठा नीट करत होतो. अंगठा तुटलेला नव्हता. अहवाल टाळ्यांनी मंजूर झाला.

महिनाअखेर गुरुजी पुण्याचं कार्ड टाकायला आले. पोस्टमास्तरने कार्ड वाचू नये असा नियम आहे. मी वाचलं. एक तारखेपासून माशीचं घर सापडलं त्या दिवसापर्यंत आडव्या रेघा, आणि तळाला दोन ओळींत स्वतःची चूक. त्यांनी खिडकीतून विचारलं, "डबा कुठे ठेवला होता?"

"ओट्यावर."

"वळचणीपासून किती?"

"हातभर असेल."

"वारा पश्चिमेचा होता. तुमचं घर पूर्वमुखी."

पत्र्यावरून निथळणारं पाणी रात्रभर माझ्या डब्यात उडत होतं, आणि हे मला त्या सकाळीही ठाऊक होतं. पट्टी घालताना डब्याच्या बाहेरची बाजू मातीच्या शिंतोड्यांनी माखलेली मी बघितली होती. अंदाजे हा शब्द मी त्यासाठीच वापरला होता.

गुरुजींनी तपकिरीची डबी काढली, न उघडता परत ठेवली. "शी," ते म्हणाले आणि गेले. ती शी डब्याला होती, मला होती की त्यांना स्वतःलाच, ते मी विचारलं नाही. त्यानंतर त्यांचं कार्ड मला आलं नाही.

दिवाळीच्या आधी माझी बदली कोपरगावला झाली. निघायच्या सकाळी बसला वेळ होता म्हणून मी फुटक्या बांधापर्यंत चालत गेलो. बांधाला मधोमध खिंडार, आणि खाली ठकूबाईचं रान. रान कसलं, दगडगोट्यांचं मैदान. त्यात काळा कोट दिसला. कोट काढून बांधावर ठेवायचंही त्यांना सुचलं नव्हतं. गुरुजी वाकून दगड उचलत होते आणि कडेच्या ढिगावर नेऊन टाकत होते. ठकूबाई पलीकडून तेच करत होती.

वारा माझ्या दिशेने येत होता, बोलणं स्पष्ट ऐकू येत होतं.

"ठकूबाई, जूनमध्ये तुझा पदर भिजला होता. तो खरा होता. माझी बाटली खोटी होती."

"आता काय करू त्या पदराचं? पांघरू?" ती म्हणाली. "आन् व्हट काय हलवताय मगाधरनं? दगूड मोजताय काय?"

"हो."

"मोजू नगा. उचला."

ते थांबले. मग पुढचा दगड त्यांनी ओठ मिटून उचलला, आणि त्याच्या पुढचा. बराच वेळ. एवढ्यात डोक्यावर शिदोरी घेऊन मार्थाबाई बांधाच्या पायथ्याशी आल्या आणि तिथूनच ओरडल्या, "अहो, किती काढले?"

"लई," गुरुजी म्हणाले.

मार्थाबाई चमकून उभ्याच राहिल्या. मीही. माझ्या घड्याळात आठ वाजून चाळीस मिनिटं झाली होती. त्या दिवशीची नोंद करून ते तिकडे आले होते की नाही, मला माहीत नाही. बस दहाला होती. खाली उतरून दहा-वीस दगड टाकून परत येण्याइतका वेळ माझ्याकडे होता. मी तो हिशेब बरोबर केला, आणि वरच उभा राहिलो.